मराठीत अर्ज द्या, पण पोच घेतल्याशिवाय परतू नका

आमच्या शेजारच्या काकूंकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरात येणारा प्रत्येक सरकारी कागद त्या डब्यात जातो. रेशन कार्ड, विजेची बिलं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि पोस्टमननं आणून दिलेली कन्नडमधली पत्रं, सगळं एकत्र. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर संध्याकाळी घरीच असते. एका संध्याकाळी काकू डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, सात म्हयने झालं पगार आला न्हाई. ह्येच्यात काय लिवलंय बघा की."

पगार म्हणजे विधवा पेन्शन. आमच्याकडे सगळे त्याला पगारच म्हणतात.

नोकरीसाठी मी कन्नड शिकले होते, त्यामुळे वाचता येतं. डब्यातल्या एका कागदावर लिहिलं होतं की बँक खातं आधारला जोडलेलं नाही, पंधरा दिवसांच्या आत कागदपत्रं घेऊन हजर राहावं, नाहीतर पेन्शन थांबेल. तो कागद आठ महिने डब्यात पडून होता. महिन्याला ८०० रुपये, सात महिन्यांचे ५६००. रक्तदाबाच्या गोळ्या, गिरणीचं दळण आणि लेकीकडे जायचा वाटखर्च, सगळं त्या ८०० रुपयांवर चालायचं. काकू सही करतात, मराठी वाचतात, हिशेबात पक्क्या आहेत. त्यांना फक्त त्या कागदाची लिपी येत नव्हती.

मी त्यांचं गाऱ्हाणं मराठीत लिहिलं, त्यांच्याच तोंडच्या शब्दांत, आणि आम्ही दोघी एका कचेरीत गेलो. खिडकीवरच्या माणसानं कागदावर नजर टाकली आणि परत सरकवला. "कन्नडदाग बरकोंड बर्री." कन्नडमध्ये लिहून आणा.

मी तिथंच कन्नडमध्ये लिहून देऊ शकले असते. पाच मिनिटांचं काम होतं. पण रांगेत आमच्या मागं तीन बायका उभ्या होत्या, हातात तसेच कागद. त्यांच्याबरोबर कन्नड येणारी मास्तरीण नव्हती. म्हणून मी कागद पिशवीत ठेवला, घरी आले आणि भारताच्या संविधानातलं एक कलम शोधून काढलं. पुढं जे लिहिते आहे ते त्या दिवसापासून आजवर केलेल्या अर्जांमधून शिकलेलं आहे. तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या माणसासाठी तुम्हालाही हे करता येईल.

आधी कलम ३५० पाठ करा

संविधानाच्या ३५०व्या कलमाचा अर्थ असा: कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचं निवारण व्हावं म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं निवेदन देता येतं, आणि ते देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. 'अधिकृत भाषेत' असं तिथं म्हटलेलं नाही, 'वापरात असलेल्या' असं म्हटलं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी वापरात आहे की नाही, हे सिद्ध करायला आपल्याला कुठं जायला नको.

या कलमात काय नाही, तेही नीट समजून घ्या, नाहीतर खिडकीवर नको ते भांडण होतं. उत्तर मराठीतच मिळेल असं ते म्हणत नाही. कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे, १९६३च्या कायद्यानं. कचेरीचा कारभार कन्नडमध्ये चालणार. तुमचा हक्क आहे तो कागद देण्याचा, तो स्वीकारला जाण्याचा. तेवढाच धरा आणि तो घट्ट धरा.

दुसरं, हे गाऱ्हाण्याबद्दलचं कलम आहे. पेन्शनचा नवा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांचे ठरलेले फॉर्म असतात. ते नाडकचेरीत (गावांच्या गटासाठीची महसूल कचेरी), 'ग्राम वन' (Grama One) या गावातल्या सेवा केंद्रात किंवा सेवा सिंधू या सरकारी वेबसाईटवर कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भरले जातात. तो फॉर्म मराठीत भरू द्या म्हणून अडून बसलात तर नुकसान तुमचंच. फॉर्म जाणकाराकडून भरून घ्या. पण फॉर्म भरूनही काम झालं नाही, पगार थांबला, नाव चुकलं, नोटीस कळली नाही, तर ते गाऱ्हाणं होतं. ते मराठीत लिहा.

आणि सीमाप्रश्न खिडकीवर नेऊ नका. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला आणि तो दावा अजून तिथं आहे. या प्रश्नावर माझं मत आहे आणि ते घट्ट आहे. पण काकूंच्या गोळ्या त्या निकालाची वाट बघू शकत नाहीत. कलम ३५० वापरायला हद्द बदलावी लागत नाही, बेळगाव ज्या राज्यात असेल त्या राज्यात ते लागू आहे. हे मी कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगते. त्यांची माणसं जत, अक्कलकोट, सोलापूरला राहतात. तिथल्या मराठी कचेरीत कन्नड कागद घेऊन उभ्या राहणाऱ्या आजीलाही हेच कलम आहे.

अर्ज लिहिताना

एका कागदावर एकच गाऱ्हाणं. पेन्शन, रस्ता आणि रेशन एकाच कागदावर लिहिलं की तो कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुठंच थांबत नाही. एकच पान लिहा. रागाचे शब्द काढून टाका, तारखा भरा. 'खूप दिवसांपासून' नको, 'मार्च महिन्यापासून' हवं.

नावाकडं विशेष लक्ष द्या, कारण आमच्या भागात निम्मी कामं नावावरून अडतात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, कन्नड रेशन कार्डावर तिसरं. गंगूबाई कुठं गंगव्वा होते, कुठं नुसती गंगा. म्हणून अर्जात नाव मराठीत लिहा आणि त्याखाली आधारवर इंग्रजी अक्षरांत जसं आहे तसं अक्षरन् अक्षर उतरवा. इतर कागदांवर वेगळं असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं एक वाक्य घाला.

काकूंसाठी लिहिलेला अर्ज साधारण असा होता. नाव, गाव बदलून तुम्हीही वापरा:

मा. तहसीलदार साहेब यांस,
तालुका कचेरी, (गाव)

विषय: थांबलेली विधवा पेन्शन पुन्हा सुरू करण्याबाबत व थकलेली रक्कम मिळण्याबाबत

महोदय,
मी (नाव), वय ६१, राहणार (गाव, पंचायत). माझा पेन्शन आदेश क्रमांक (…) आहे. माझे पती (तारीख) रोजी वारले. मला दरमहा पेन्शन मिळत होती. (महिना) पासून ती जमा झालेली नाही. आपल्या कार्यालयाची (तारीख) ची नोटीस कन्नडमध्ये होती. मला कन्नड वाचता येत नाही, त्यामुळे मुदतीत हजर राहता आले नाही. आता बँक खाते आधारला जोडले आहे, पुरावा सोबत आहे.
कृपया पेन्शन पुन्हा सुरू करावी व (महिना) पासूनची थकबाकी द्यावी. या अर्जावर काय कारवाई झाली ते लेखी कळवावे. शक्य असल्यास मराठीत कळवावे.
हे निवेदन भारतीय संविधानाच्या कलम ३५० नुसार मराठीत दिले आहे.

सही / अंगठा, तारीख, मोबाईल नंबर
सोबत: आधार, पासबुकाचे पहिले व शेवटचे पान, पेन्शन आदेश, नोटिशीची झेरॉक्स

अंगठा असेल तर बाजूला ओळखीच्या माणसाची सही आणि नाव हवं. पासबुक आधी बँकेत नेऊन भरून घ्या. शेवटची रक्कम कधी जमा झाली हे दाखवणारा त्याहून चांगला पुरावा नाही.

आता एक गोष्ट, जिच्यावरून आमच्या गल्लीतले काही लोक माझ्यावर नाराज होतात. अर्जाच्या माथ्यावर, विषयाच्या खाली, मी कन्नडमध्ये दोन ओळी लिहिते: ही बाई कोण आणि तिची मागणी काय. 'अर्ज मराठीत दिला तर पूर्णच मराठीत द्यावा, कन्नड कशाला?' असं मला विचारतात. कारण वाचणारा कारकूनही माणूसच आहे. विजापूर नाहीतर रायचूरकडून बदलून आलेला असतो, त्याला मराठी येत नसतं आणि ती त्याची चूक नसते. दोन ओळींनी कागद योग्य टेबलावर जातो. अर्ज मराठीतच राहतो, हक्कही राहतो. कन्नड लिहिणारं कुणी नसेल तर त्या दोन ओळींवाचूनही अर्ज पूर्ण असतो, हे मात्र विसरू नका.

खिडकीवर

सोमवारी गर्दी असते. जमलं तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जा. बायकांनी आधार बरोबर ठेवावं, म्हणजे सरकारी बसमध्ये शक्ती योजनेचं तिकीट मिळतं आणि येण्याजाण्याचा खर्च होत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कागद दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळा. मी एकदा मलप्रभेच्या पुलावर भिजले आणि शाईनं लिहिलेली चार पानं वाया गेली. तेव्हापासून बॉलपेनानंच लिहिते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहू नका, सरळ टपाल विभागात जा. जवळजवळ प्रत्येक कचेरीत आलेले कागद नोंदवणारं एक टेबल असतं. एक प्रत तिथं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तीन गोष्टी मागा: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शक्य असेल तर सहीही. कन्नडमध्ये म्हणायचं असेल तर "स्वीकृती कोड्री", पोच द्या. एवढे दोन शब्द पाठ करून जा. मराठी अर्ज हातात आणि कन्नड शब्द तोंडात असला की समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी कितीदा पाहिलं आहे.

"ठेवून जावा, बघतो" म्हटलं तर उठू नका. ठेवलेला कागद म्हणजे दिलेला कागद नव्हे. पोच नसेल तर उद्या तुम्ही आलाच नव्हता असं होतं. शांतपणे बसा, पुन्हा मागा. काकूंबरोबर दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी कलम ३५० मराठी आणि इंग्रजीत छापलेला कागद अर्जाला टाचून नेला होता. त्याच माणसानं तो वाचला, आत जाऊन विचारून आला आणि शिक्का मारला. भांडण झालं नाही. त्याला ते कलम कुणी कधी दाखवलंच नव्हतं, एवढंच.

तरीही नाकारलं तर? "नाकारतो असं लिहून द्या" म्हणा, नम्रपणे. बहुतेक वेळा तिथंच कागद घेतला जातो. नाहीच घेतला तर तारीख, वेळ आणि कोणती खिडकी ते वहीत लिहा आणि त्याच दिवशी पोस्टात जाऊन तो अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. पाकिटावर पत्ता इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये घाला, म्हणजे पाकीट वाटेत अडणार नाही. पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचा, आणि पोहोचल्याचा तपशील पोस्टाच्या वेबसाईटवरून छापून घ्या. झाली तुमची पोच.

ठरलेल्या फॉर्मवर अर्ज दिला असेल तर 'सकाल'चा नंबर मागा. 'सकाल' म्हणजे मुदतीत सेवा देण्याची हमी देणारा कर्नाटकाचा २०११चा कायदा, २०१२ पासून लागू झाला. त्यात येणाऱ्या सेवांना दिवसांची मुदत ठरलेली आहे. अर्ज दिल्यावर १५ आकडी नंबर मिळतो. मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. भरपाई किरकोळ आहे, पण तो नंबर किरकोळ नाही. नंबरच्या मागं तारीख असते आणि तारखेच्या मागं कुणाचं तरी उत्तरदायित्व.

अर्जाचं काय झालं हे विचारायचं तर

माहिती अधिकार वापरा, पण इथं भाषेचा नियम वेगळा आहे आणि बरेच जण चुकतात. २००५च्या या कायद्याच्या सहाव्या कलमात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, अशा तीनच वाटा आहेत. आपल्याकडं राजभाषा कन्नड. म्हणून मराठीत माहिती अर्ज दिला तर तो परत करायला त्यांना सबब मिळते. हिंदीत द्या. लिपी आपलीच आहे, आणि शाळा शिकलेल्या कुणालाही चार वाक्यं हिंदीत लिहिता येतात. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला माफ. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. एवढंच विचारा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली, फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे, आणि शेऱ्यांची नक्कल द्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आवक क्रमांकाशिवाय यातलं काहीही लिहिता येत नाही, म्हणून वर एवढा जीव तोडून सांगितलं.

नामिबियातला एक टेलिफोन

काकूंच्या अर्जानंतर मी वाचत गेले की इतर देशांत भाषेवरून माणसाचा कागद परत करतात तेव्हा काय होतं. त्यात मला आफ्रिकेतल्या नामिबियाची एक गोष्ट सापडली. ती मी आता प्रत्येकाला सांगते.

विंडहूक शहराच्या दक्षिणेला रेहोबोथ नावाचं गाव आहे. तिथल्या बास्टर समाजाची भाषा आफ्रिकान्स. १९९० साली देश स्वतंत्र झाला आणि इंग्रजी ही एकमेव राजभाषा ठरली. नंतर एका अधिकाऱ्यानं परिपत्रक काढलं: लोकांच्या आफ्रिकान्समधल्या पत्रांना किंवा बोलण्याला, टेलिफोनवरसुद्धा, त्या भाषेत उत्तर द्यायचं नाही, येत असलं तरी द्यायचं नाही. आफ्रिकान्स ही वर्णद्वेषी राजवटीच्या काळात सत्तेची भाषा होती, तो राग समजण्यासारखा आहे. पण टेलिफोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला शेतकरी काही राजवट नव्हता.

त्या समाजानं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडं तक्रार नेली. जमिनीचा त्यांचा दावा टिकला नाही. कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, तीही तक्रार टिकली नाही. पण २००० सालच्या जुलैत समितीनं त्या परिपत्रकाबद्दल सांगितलं की त्यामुळं कायद्यापुढच्या समानतेचा, म्हणजे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २६व्या कलमाचा भंग झाला. समितीचे काही सदस्य या मताचे नव्हते, पण बहुमत या बाजूनं होतं. आफ्रिकान्सला राजभाषा करा असं समिती म्हणाली नाही. ज्या अधिकाऱ्याला भाषा येते त्यालाही मुद्दाम तोंड बंद ठेवायला लावणं, हा भेदभाव ठरला.

खिडकीवरच्या कितीतरी लोकांना मराठी येतं हे आपल्याला माहीत आहे. बाजारात ते आपल्याशी मराठीतच बोलतात. खिडकीवर बसलं की येईनासं होतं. तेव्हा मला ते परिपत्रक आठवतं.

भारत हा करार १९७९ साली मान्य करून बसला आहे. त्याच्या २७व्या कलमात अल्पसंख्याकांना आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारता येणार नाही असं आहे. पण एकट्या माणसाला थेट त्या समितीकडं तक्रार नेता यावी यासाठी जो वेगळा पूरक करार आहे, तो भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळं बास्टर लोकांसारखं आपल्याला तिथं जाता येत नाही. कुणी पैसे घेऊन 'जिनिव्हाला केस टाकून देतो' म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका.

आठ टक्के आणि पंधरा टक्के

फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे थोडे आहेत. तिथल्या भाषा कायद्यानुसार एखाद्या पालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३००० असतील तर ती पालिका द्विभाषिक ठरते. तिथं आजीला दोन्ही भाषांत कागद मिळतो. तो आकडा ठराविक काळानं मोजला जातो आणि त्यावरून वाद करायची वेळ येत नाही.

आपल्याकडंही आकडा आहे. तो कायद्यात नाही, पण भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षण योजनेत आहे. १९५६चं केंद्राचं निवेदन आणि १९६१ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून ठरलं की ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा अधिक असतील, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणारे १५ टक्क्यांहून अधिक आहेत, आणि खानापूर तालुक्यात तर निम्म्याहून अधिक. नियम आहे, आकडा आहे, आणि काकूंच्या डब्यातली नोटीस तरीही एकाच भाषेत होती.

म्हणून एकट्याच्या अर्जाबरोबर पंचायतीतल्या लोकांनी मिळून हाही अर्ज द्यावा: पेन्शन, रेशन आणि जमिनीबाबतच्या नोटिसा कन्नडबरोबर मराठीतही द्याव्यात. त्याला २०११च्या जनगणनेचा सी-१६ हा मातृभाषेचा तक्ता जोडा. तो जनगणनेच्या वेबसाईटवर मोफत मिळतो, आणि त्यात जिल्ह्याचे, तालुक्याचे आकडे असतात. आपल्या तालुक्याच्या ओळीवर रंगीत पेन फिरवा. माझ्या मते शंभर सह्यांपेक्षा ती एक ओळ जास्त बोलते, पण सह्याही घ्या.

या अर्जाची एक प्रत केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. हे पद संविधानाच्या ३५० ब कलमानं निर्माण झालं, सातव्या घटनादुरुस्तीनं. पहिले आयुक्त १९५७ साली आले. एकेकाळी त्यांचं एक विभागीय कार्यालय बेळगावातच होतं. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण राज्याला विचारणा करतात आणि राष्ट्रपतींना अहवाल देतात. विचारणा झाली की खालच्या फाईलवर धूळ राहत नाही.

भाषेवरून अपमान झाला, हाकलून दिलं, औषधपाणी नाकारलं, असं काही झालं तर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडं जा. तिथं तक्रारीला फी नाही, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, तक्रार देता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत द्यावी लागते, ही मुदत चुकवू नका. आणि कोर्टात जायची वेळ आलीच, तर बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७च्या विधी सेवा कायद्यानं. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा, किंवा १५१०० वर फोन करा.

पोलिसांकडून अटक किंवा स्थानबद्धता झाली असेल तर कारणं समजेल अशा भाषेत मागायला घाबरू नका. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं इंग्रजी न येणाऱ्या माणसाला फक्त इंग्रजीत दिलेली स्थानबद्धतेची कारणं अपुरी मानली होती. हा निकाल महाराष्ट्र सरकारच्या विरोधात होता, हेही लक्षात ठेवा. सरकार कुठलंही असो, चूक सारखीच.

घरात येणारा कन्नड कागद

हे सगळं करूनही नोटीस कन्नडमध्येच येणार आहे, आज तरी. म्हणून डब्यात टाकण्याआधी तो कागद वाचून घ्या. शेजारचं शाळेत जाणारं पोर हा सगळ्यात जवळचा वाचक. मराठी शाळेतही कन्नड शिकवतात, पोरं अक्षरं जुळवतात. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲपही चालतं, पण तारखा आणि आकडे मूळ कागदावरूनच बघा.

घरातल्या भिंतीवर पाच शब्द कन्नड अक्षरांत लिहून चिकटवा आणि बाजूला मराठी अर्थ: 'दिनदोळगे' म्हणजे इतक्या दिवसांच्या आत, 'हाजरागबेकु' म्हणजे हजर राहावं, 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख, 'दाखले' म्हणजे कागदपत्रं, 'रद्दु' म्हणजे रद्द. काकूंनी ही अक्षरं चित्रासारखी ओळखायला शिकली, दोन आठवड्यांत. निम्मे शब्द तर आपलेच आहेत, फक्त वेगळ्या कपड्यात. आता कागद आला की त्या आधी भिंतीशी जाऊन लावून बघतात, मग माझ्याकडं येतात, आणि त्याच दिवशी येतात.

त्यांचा पगार अर्जानंतर तिसऱ्या महिन्यात सुरू झाला. थकलेले पैसे अजून मिळालेले नाहीत. दर ३० दिवसांनी आम्ही स्मरणपत्र देतो, तेही मराठीतच. त्यात नवीन काही लिहायचं नसतं: आधीच्या अर्जाची तारीख, आवक क्रमांक, 'अद्याप उत्तर मिळालेले नाही', आणि खाली सही. पहिल्या अर्जाची झेरॉक्स प्रत्येक वेळी जोडायची. शंभर पानी वहीत एका ओळीत तारीख, कचेरी, आवक क्रमांक आणि पुढं कधी जायचं ते लिहून ठेवते. तालुक्यात पेन्शन अदालत भरते तेव्हा ही वही आणि सगळ्या पोचपावत्या घेऊन जायचं ठरलं आहे. काकूंच्या नावापुढं आता चार आवक क्रमांक आहेत. चौथं स्मरणपत्र येत्या बुधवारी द्यायचं आहे.